शाकाहारी थाई करी चटणीसारखी का लागते? घरच्या वाटणाविषयी सविस्तर

आलेला प्रश्न थोडक्यात असा: घरात सगळे शाकाहारी. तयार थाई पेस्टच्या बाटल्यांमध्ये बऱ्याचदा कोळंबी असते, म्हणून ग्रीन करीचं वाटण घरीच केलं. आलं, लसूण, कांदा, हिरव्या मिरच्या, जुडीभर कोथिंबीर आणि लिंबाचा रस मिक्सरमधून काढला, तेलावर परतला, वर डब्यातलं नारळाचं दूध ओतलं. खायला वाईट नव्हतं, पण हिरव्या चटणीत नारळाचं दूध कालवल्यासारखं लागलं. कुठे चुकलं? आणि कोळंबीची पेस्ट, फिश सॉस वगळून ती चव येते का?

येते, आणि तडजोड न करता येते. मी शाकाहारी थाई स्वयंपाक शिकवते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांचा असा समज असतो की मासळी वगळली की थाई करीतलं काहीतरी कायमचं जातं. थायलंडमध्येच हा प्रश्न लोकांनी केव्हाच सोडवला आहे. तिथे ‘जे’ नावाची कडक शाकाहाराची परंपरा आहे, चिनी वंशाच्या लोकांमधून आलेली. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस हा व्रताचा काळ असतो. फुकेतला त्याचा मोठा उत्सव होतो, आणि बँकॉकमध्येही रस्तोरस्ती पिवळ्या पताकांवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दिसतं. आपलं शारदीय नवरात्र आणि हे नऊ दिवस पुष्कळदा एकाच वेळी येतात. या पताका लावलेल्या खाण्याच्या गाड्यांवर फिश सॉसचा थेंब नसलेली हिरवी आणि लाल करी मिळते, आणि ती फिकी नसते.

तुमची करी चटणीकडे का झुकली ते आधी सांगते. कारण कोथिंबिरीची पानं. थाई हिरव्या वाटणाचा हिरवा रंग मुख्यतः ताज्या हिरव्या मिरच्यांचा असतो, म्हणून तो फिका, करडट हिरवा दिसतो. हॉटेलातल्या गर्द हिरव्या करीत कोथिंबीर नाहीतर पालक असतो. पानं घातली की वाटणावर त्यांचाच वास चढतो, आणि आपल्या जिभेला तो वास चटणीचा म्हणून इतका ओळखीचा आहे की पुढचं काही लागतच नाही. कोथिंबिरीचं मूळ मात्र हवं. थायलंडच्या वाटणात ते जवळपास सगळीकडे असतं. पानांपेक्षा खोल, थोडा मातकट वास असतो त्याला. आपल्या मंडईत जुडी मुळांसकट मिळते हे आपलं भाग्य. आपण ती मुळं कापून टाकतो. यापुढे टाकू नका. खरवडून, दोनतीन पाण्यांत धुऊन, पुसून फ्रीजरमध्ये साठवा.

दुसरं, लिंबाचा रस. ग्रीन किंवा रेड करी आंबट नसते. तिच्यात लिंबाचा वास असतो, आंबटपणा नसतो. तो वास गवती चहाचा खालचा दांडा, मकरूट लिंबाची साल आणि त्याची पानं यांतून येतो. रस पिळला की नारळाच्या दुधाची गोडी मारली जाते.

गवती चहा आपण पात्यांसाठी घेतो. थाई वाटणात पाती चालत नाहीत, त्यांचे धागे राहतात. लागतो तो बुडाचा पांढरट दांडा. कुंडीत गवती चहा असेल तर मुळाजवळून कापा, वरची दोन आवरणं सोला आणि बुडाकडचा वीतभराहून कमी भाग घ्या. आपल्याकडचे दांडे बहुधा बारीक असतात, तेव्हा कृतीत तीन लिहिले असतील तर पाच घ्या. चिरताना अगदी पातळ, आडव्या चकत्या करा. इथे आळस केला तर तो जेवताना दातात येतो.

आल्याच्या जागी गलांगल हवं. मोठ्या शहरांत परदेशी भाज्या विकणारे त्याला ‘थाई जिंजर’ म्हणतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये सहज मिळेल. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं कुलंजन हे त्याच घराण्यातलं वाळवलेलं मूळ. ते भिजवून वापरता येतं, पण ताज्याचा तो कापराकडे झुकणारा थंड वास वाळल्यावर उरत नाही. ताजं मिळालं तर चकत्या करून फ्रीजरमध्ये ठेवा, महिनोन्महिने टिकतात. अजिबातच मिळालं नाही तर आलं घाला, पण निम्मं, कारण आल्याचा तिखटपणा लगेच पुढे येतो.

मकरूट लिंबाचं रोप आता नर्सरीत मिळतं, ‘काफिर लाईम’ या जुन्या नावाने. एक पान दुसऱ्याच्या टोकाला जोडल्यासारखं दिसतं, त्यावरून ओळखा. थाई स्वयंपाकाची खरी आवड असेल तर बाकी कशावर नाही तरी या रोपावर पैसे खर्च करा. त्याला नेमका पर्याय नाही. तोवर कागदी लिंबाची वरवर किसलेली हिरवी साल (खालचा पांढरा भाग कडू, तो टाळा) आणि त्याच झाडाची कोवळी पानं यांवर भागवता येतं.

आता लाल वाटण. मी हिरव्याआधी लालच शिकवते, कारण त्यात आपल्याकडची मिरची अगदी चपखल बसते. थायलंडमध्ये रंगासाठी लांब, कमी तिखट वाळलेली मिरची घेतात आणि जाळासाठी बारकी. आपल्याकडे ब्याडगी आणि लवंगी ही जोडी हेच काम करते. चौघांच्या करीसाठी १० ब्याडगी आणि ३ किंवा ४ लवंगी घ्या. ब्याडगीच्या बिया काढा, अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा आणि घट्ट पिळून घ्या. १ मोठा चमचा धणे आणि १ लहान चमचा जिरं मंद आचेवर वेगवेगळं भाजा, त्यात अर्धा लहान चमचा पांढरी मिरी. जिऱ्याला हात आखडताच असू द्या. ते वाढलं की करी आपल्या रश्शाकडे सरकते. बारीक चिरलेलं गलांगल १ मोठा चमचा, गवती चहाचे दांडे २ मोठे चमचे, मकरूटची साल १ लहान चमचा, कोथिंबिरीची मुळं १ मोठा चमचा. लसणीच्या ८ ते १० पाकळ्या. सांबारात घालतो ते छोटे कांदे ५ किंवा ६. मोठा कांदा घेऊ नका, त्याला पाणी फार सुटतं. जाडं मीठ १ लहान चमचा.

हिरव्या वाटणाला हेच सगळं. फक्त वाळक्या मिरच्यांऐवजी १२ ते १५ ताज्या हिरव्या मिरच्या, काही लांब आणि कमी तिखट, काही बारक्या.

वाटताना क्रम पाळा. आधी कोरडे मसाले कुटून बाजूला. मग मिरच्या मिठासह, कारण मिठाच्या खड्यांमुळे मिरचीची साल लवकर फाटते. ती एकजीव झाली की गलांगल, गवती चहा, लिंबाची साल, मुळं. ज्यांत पाणी जास्त ते लसूण आणि कांदे शेवटी, कारण ते आधी घातले तर बाकीचं सटकतं, ठेचलं जात नाही. सगळ्यात शेवटी मसाल्याची पूड. दगडी खलबत्ता असेल तर अर्धा तास धरून चाला. घरात पाटा-वरवंटा शिल्लक असेल तर त्याच्याइतकं चांगलं काही नाही. ठेचताना आणि रगडताना धाग्यांतलं सुगंधी तेल बाहेर पडतं. मिक्सरचं पातं तेच धागे फक्त कापतं, आणि फिरण्यासाठी पाणी मागतं. पाणी घातलेलं वाटण पुढे परतलं जात नाही, ते शिजतं. तुमच्या करीत कच्चेपणा राहिला असेल तर त्याचं हेही एक कारण.

तरी मिक्सर वापरावाच लागणार, रोजच्या घाईत दुसरं काय करणार. मग एवढं करा: चटणीचं लहान भांडं घ्या, सगळं आधीच बारीक चिरा, आणि पाण्याऐवजी चमचा-दोन चमचे पातळ नारळाचं दूध किंवा तेल घाला. थांबून थांबून, कडा खाली ढकलत फिरवा. शेवटी दहा मिनिटं खलात घोटलं तर फरक वासावरून कळतो. वाटण झालं की नाही हे बोटांनी बघा. चिमूटभर घेऊन अंगठा आणि तर्जनीत चोळायचं. गवती चहाचा धागा टोचला तर अजून झालेलं नाही. नाकाजवळ नेलं की मिरची, लसूण, लिंबू असं वेगवेगळं ओळखू येत असेल तरी झालेलं नाही. एकच, नाव न सांगता येणारा वास आला की थांबा.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. कोळंबीची पेस्ट आणि फिश सॉस यांचं काम माशाचा वास देणं हे नाही. दोन्ही आंबवलेले पदार्थ आहेत. आंबताना प्रथिनं फुटतात, ग्लुटामेट मोकळं होतं, आणि त्यातून जिभेवर रेंगाळणारी, तोंड भरून टाकणारी खारट चव येते. ती काढून तिथे नुसतं मीठ घातलं की करी खारट होते, पण पोकळ राहते. शाकाहारी थाई करी बिघडते ती सर्वांत जास्त इथे. आंबवलेल्याच्या जागी आंबवलेलंच हवं.

थायलंडमध्ये यासाठी सोयाबीन वापरतात. ‘ताओ जिआओ’ म्हणजे मिठात आंबवलेलं पिवळं सोयाबीन, बाटलीत अख्ख्या दाण्यांसह मिळतं. वरच्या वाटणात त्याचा १ मोठा चमचा, खारं पाणी निथळून आणि ठेचून. उत्तर थायलंडमध्ये, चियांग माई आणि मे होंग सोनच्या बाजूला, ‘थुआ नाओ’ असते: उकडून आंबवलेलं सोयाबीन वाटून, पापडाएवढ्या चकत्या थापून उन्हात वाळवलेलं. ती चकती निखाऱ्यावर भाजून वाटणात कुटतात. कोळंबीच्या पेस्टची आठवणही येणार नाही इतकी ती भारदस्त असते. आपल्याकडे यांतलं काही हाताशी नसेल तर जपानी मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचीच पेस्ट, घ्या, तो आता मोठ्या किराणा दुकानांत असतो. लाल वाटणात लालसर मिसो, हिरव्यात फिकट. मिसोही नसेल तर वाळलेल्या शिताके अळंब्यांची पूड १ लहान चमचा, आणि त्या अळंब्या भिजवलेलं थोडं पाणी करीत.

फिश सॉसच्या जागी फिका, पातळ सोया सॉस. चायनीजच्या गाड्यांवरचा काळा गोडसर सॉस घातलात तर हिरवी करी चिखलाच्या रंगाची होईल, चवही दडपली जाईल. फिका मिळत नसेल तर मिठावर भागवा, तो सॉस नको. आणि तयार पेस्ट घेणारच असाल तर पुढच्या बाजूचं चित्र बघून ठरवू नका, घटकांची यादी वाचा आणि हिरवा ठिपका बघा.

यानंतर नारळ, आणि इथे आपल्याला शिकलेलं एक विसरावं लागतं. नारळाचं दूध घातलं की खळखळून उकळू द्यायचं नाही, ते फुटतं, हा धडा कोकण-गोव्यातल्या घरांत लहानपणीच मिळतो. आपल्या सारासाठी तो बरोबरच आहे. थाई करीत मात्र सुरुवातीला दूध मुद्दाम फोडायचं असतं. वाटण परतायला वेगळं तेल घेत नाहीत, नारळाच्या सायीतून सुटलेल्या तेलातच ते परततात.

एक मोठा नारळ खोवा. वाटीभर कोमट पाणी घालून मिक्सरमधून फिरवा, पिळा: हे जाड दूध. त्याच चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून पुन्हा पिळा: हे पातळ. जाड दूध तासभर फ्रीजमध्ये ठेवलं की वर साय धरते. ती साय, पाऊण वाटीभर, कढईत घेऊन मध्यम आचेवर ठेवा. आधी मोठे, आळशी बुडबुडे येतील, ते पाण्याचे. हलवत राहा. सात-आठ मिनिटांत फेस बारीक होतो, आवाज रटरटीकडून तडतडीकडे जातो, साय दाणेदार दिसायला लागते आणि कडेने चकचकीत तेलाची रेघ उमटते. या क्षणी वाटण घाला. आच थोडी कमी करून पाच ते आठ मिनिटं परता. आधी कांदा-लसणीचा उग्रपणा नाकात जाईल, कदाचित शिंकाही येतील. मग तो मावळतो आणि गवती चहा वर येतो. वाटणाचा रंग गडद झाला आणि त्याच्या बाजूने तेल सुटलं की झालं. या आठ मिनिटांत घाई केली तर पुढे कितीही उकळलं तरी करीला वजन येत नाही.

डब्यातल्या दुधात बऱ्याचदा स्थिरक घातलेले असतात, त्यामुळे ते फुटतच नाही. कितीही आटवा, पांढरंच राहतं. डब्यावर नारळ आणि पाणी एवढंच लिहिलेलं असेल तर प्रयत्न करा, नाहीतर दोन चमचे बिनवासाच्या तेलावर वाटण परता आणि मग दूध घाला. पण नारळ दारात मिळत असताना डबा कशाला? ताज्या नारळाची गोडी डब्याला नसते, आणि थाई करीचा अर्धा प्राण त्या गोडीत आहे.

परतून झाल्यावर चमचाभर फिकट गूळ, मग सोया सॉस, मग उरलेलं जाड आणि पातळ दूध. थायलंडमध्ये ताडाची किंवा माडाची फिकी, मऊ साखर घालतात. गोव्याचा काळा माडाचा गूळ मला फार आवडतो, पण त्याला धुराचा वास असतो, तेव्हा तो या करीत नको. कॉर्नफ्लोअर कधीही नको. थाई करी रस्सेदार असते, भातात मुरणारी, आणि वर तेलाचे थेंब तरंगणं हे ती नीट झाल्याचं लक्षण.

भाज्यांत कंजूषपणा नको, पण गर्दीही नको. दोन किंवा तीन पुरेत. हिरव्या करीत लहान हिरवी गोल वांगी, चवळीच्या कोवळ्या शेंगा, अळंबी, टोफू. लाल करीत तांबडा भोपळा: ही थायलंडमध्ये खरोखर केली जाणारी जोडी आहे आणि माझ्या मते शाकाहारी करींमधली सर्वांत सुंदर. भोपळ्याची गोडी आणि लाल वाटणाचा जाळ यांना तिसऱ्या भाजीची गरज नसते. कोवळा बांबूही उत्तम. पावसाळ्यात कोकणात वास्ते मिळाले तर भिजवून, पाणी बदलून, उकडून घ्या. कोवळ्या फणसाची कुयरी आधी उकडून लाल करीत घातली तर पाहुणे पुन्हा मागून घेतात. फ्लॉवर आणि ब्रोकोली मी घालत नाही, कोबीच्या घराण्याचा वास सगळ्या करीत पसरतो. पनीर नकोच, कारण नारळाच्या दुधात गाईम्हशीचं दूध आलं की दोन्हींची चव बोथट होते. टोफू घट्ट घ्या, दाबून पाणी काढा, आणि तळल्याशिवाय घालू नका. न तळलेला टोफू रस शोषत नाही, नुसता पोहत राहतो.

गॅस बंद करताना मकरूटची चारपाच पानं शीर काढून आणि तुकडे करून, थोडी लाल मिरची आणि मूठभर थाई बेसिल. हे बेसिल आणि आपला सब्जा एकाच जातीचे, म्हणून घरी सब्ज्याचं बी पेरलं तर त्याची पानं बरीच जवळ जातात. देवघरातली तुळस वेगळी पडते, तिच्यात लवंगेचा जोर असतो.

मसमन करी मात्र आपल्याला शिकवावी लागत नाही. दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ हे सगळं तिच्या वाटणात असतं, कारण ती मुसलमान व्यापाऱ्यांच्या वाटेने सयाममध्ये, म्हणजे जुन्या थायलंडमध्ये, आली. पुढे दुसरा राम म्हणून १८०९ मध्ये गादीवर आलेल्या तिथल्या राजाच्या काव्यात मसमनच्या जिऱ्याच्या सुवासाचं कौतुक आहे. तेव्हा इथे जिऱ्याला हात मोकळा. वाटणातला कांदा, लसूण, गलांगल, गवती चहा आधी कोरडं भाजून घ्या, आणि वाळलेलं कुलंजन इथे बिनदिक्कत चालतं. बटाटे, भाजलेले शेंगदाणे, छोटे अख्खे कांदे आणि चिंचेचा कोळ. आंबटपणा शोभतो तो या करीला.

सोबत भात कोणता हे बरेच जण विचारतात. बासमती सुटा आणि कोरडा, रस्सा त्याच्यातून निसटतो. जास्मिन तांदूळ नसेल तर आंबेमोहोर घ्या, वास आणि किंचित चिकटपणा दोन्ही आहे. थायलंडमध्ये हिरवी करी आंबवलेल्या तांदळाच्या शेवयांवरही घालतात, त्यामुळे घरी शिरवळ्यांचा साचा असेल तर गोड रसाऐवजी एकदा या करीबरोबर करून बघा.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी: ‘जे’ पद्धतीतही दोन्ही वर्ज्य आहेत. तेव्हा गलांगल, गवती चहा आणि कोथिंबिरीची मुळं दीडपट करा, आंबवलेलं सोयाबीन दोन चमचे घाला, आणि कांद्याने येणारा दाटपणा भरून काढायला लाल वाटणात मूठभर भाजलेले शेंगदाणे कुटा. चातुर्मासात माझ्या घरी करी अशीच होते.

वाटण एकदम दुप्पट-तिप्पट करून ठेवा. फ्रीजमध्ये वर तेलाचा थर देऊन आठवडाभर, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून तीन महिने. चौघांना मोठे चार चमचे वाटण लागतं. गोठलेला तुकडा तसाच सुटलेल्या तेलात टाकू नका, तेल थंड पडतं; तासभर आधी बाहेर काढून ठेवा.